जुन्या वॅगन-आरची आयडलिंग इंजिन गरम झाल्यावरही खाली येत नाही

गोदाकाठ (परभणी) | ८ जानेवारी, रात्री ९.४०

माझ्याकडे २००४ सालची वॅगन-आर आहे. इंजिन १०६१ सीसीचे, पेट्रोलवर चालणारे, एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणारे) आहे. थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप, केबलवर चालते आणि गाडी आतापर्यंत एक लाख अठरा हजार किलोमीटर धावली आहे. दिवाळीपासून गाडीची रेस, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग (आयडलिंग), वाढलेली आहे. सकाळी गाडी सुरू केल्यावर दोन-चार मिनिटे आवाज चढा असतो आणि मग तो उतरतो, एवढे मला ठाऊक आहे. परंतु आता परभणीहून गंगाखेडला जाऊन आल्यावरही, म्हणजे इंजिन चांगले तापले असायला हवे तेव्हाही, फाटकाशी उभे राहिले की इंजिन कुणीतरी अॅक्सिलरेटरवर पाय ठेवून बसल्यासारखे गुरगुरत राहते. माझ्या गाडीत आरपीएम मीटर नाही, त्यामुळे आकडा सांगता येत नाही. सपाट रस्त्यावर पहिल्या गिअरमध्ये पाय सोडून दिला तर गाडी पूर्वीपेक्षा स्पष्टपणे जोरात पळते आणि गर्दीत ब्रेक जास्त दाबावा लागतो. लिटरमागे पंधरा किलोमीटर देणारी गाडी आता बारावर आली आहे.

नेहमीच्या मिस्त्रींनी थ्रॉटल बॉडी साफ केली आणि तिच्यावरचा स्क्रू थोडा मागे घेतला. दोन दिवस बरे वाटले, पण एसी लावला की इंजिन बंद पडू लागले आणि सकाळी गाडी दोन-तीनदा बंद होऊन मगच धरू लागली. तेव्हा त्यांनी स्क्रू अंदाजाने पुन्हा होता तिथे आणून ठेवला. इंजिनचा दिवा लागलेला नाही. कोणत्या क्रमाने तपासत जावे, हे जाणकारांनी सांगावे.

बालाघाट (बीड) | ८ जानेवारी, रात्री १०.१५

माझी कार्ब्युरेटरची मारुती ८०० चौदा वर्षे माझ्याकडे होती आणि तिची आयडलिंग मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरने कानावर बसवीत असे. चोकची केबल पूर्ण परत येते की नाही ते पाहायचे आणि मग स्लोचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवायचा. तुमच्या मिस्त्रींनी बहुधा एकदम जास्त फिरवला असावा. सावकाश फिरवून पाहा.

शिल्पनिदेशक_निवृत्त (छत्रपती संभाजीनगर) | ९ जानेवारी, सकाळी ६.५०

बालाघाट यांचे म्हणणे त्यांच्या गाडीपुरते अगदी बरोबर आहे. कार्ब्युरेटरवरचा तो स्क्रू त्याच कामासाठी दिलेला असतो. एमपीएफआय गाडीच्या थ्रॉटलवर दिसणारा स्क्रू मात्र थ्रॉटलची पाती नळकांड्यात घट्ट रुतून बसू नये म्हणून कारखान्यातच एकदा बसवून दिलेला असतो. आयडलिंग किती ठेवायची हे ईसीएम (इंजिन चालवणारा संगणक) ठरवते, आणि त्यासाठी लागणारी हवा आयएसी व्हॉल्व्हमधून, म्हणजे थ्रॉटलला वळसा घालून जाणाऱ्या वाटेने, कमी-अधिक सोडते. स्क्रू मागे घेतल्यावर पात्याजवळून झिरपणारी मूळची हवा कमी झाली. एसीचा भार आला किंवा थंड इंजिनाला जास्त हवा लागली, तेव्हा त्या व्हॉल्व्हला एकट्याला ती पुरवता आली नाही आणि इंजिन बंद पडले. उलट हा स्क्रू वाजवीपेक्षा पुढे राहिला, तर थ्रॉटल बंद आहे याची खबरच ईसीएमपर्यंत नीट पोहोचत नाही.

पेट्रोल इंजिनाची रेस म्हणजे मुळात हवेचा हिशेब. रेस वाढली आहे याचा अर्थ हवा कुठून तरी जास्त येते आहे, आणि ती तीनच प्रकारे येऊ शकते. थ्रॉटल पूर्ण मिटत नसेल, थ्रॉटलच्या पुढे एखाद्या फटीतून हवा आत शिरत असेल, किंवा ईसीएमच जाणूनबुजून जास्त हवा मागत असेल. पहिला प्रकार पाच मिनिटांत निकालात निघतो. इंजिन बंद ठेवून केबलला थोडी ढिलाई आहे का ते पाहा, पायाखालची जाड चटई अॅक्सिलरेटरच्या दांड्याला अडते का ते पाहा, आणि थ्रॉटलची चकती हाताने फिरवून सोडा. ती टक् असा आवाज करून स्क्रूवर टेकली पाहिजे.

दुसऱ्या प्रकाराबद्दल एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा विस्ताराने लिहितो. तुमच्या इंजिनात आत येणारी हवा थेट मोजली जात नाही. मॅनिफोल्डमधला, म्हणजे थ्रॉटलपासून सिलिंडरपर्यंत हवा नेणाऱ्या नळ्यांमधला, दाब मोजून ईसीएम हवेचा अंदाज बांधते आणि त्या प्रमाणात पेट्रोल सोडते. फटीतून चोरवाटेने आलेली हवासुद्धा मॅनिफोल्डमधला दाब वाढवते, त्यामुळे ईसीएम तिच्याही वाट्याचे पेट्रोल इमानेइतबारे देऊन टाकते. म्हणून अशा गाडीत गळती असली तरी इंजिन फारसे अडखळत नाही, धापा टाकत नाही, दिवा लागत नाही. फक्त रेस चढते. ईसीएम आयएसी व्हॉल्व्ह मिटवत मिटवत नेते, पण फटीतून येणारी हवाच गरजेपेक्षा जास्त असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण मिटूनही उपयोग होत नाही.

गळती शोधण्यासाठी इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढून, मॅनिफोल्डला जोडलेली एकेक रबरी नळी मॅनिफोल्डच्या तोंडाशीच पकडीने दाबून पाहा. पकडीच्या जबड्याला कापड गुंडाळावे, म्हणजे जुने रबर चिरणार नाही. जी नळी दाबल्यावर रेस एकदम खाली येईल, ती किंवा तिच्या पलीकडचा भाग दोषी समजावा. मॅनिफोल्डच्या पॅकिंगभोवती आणि इंजेक्टरच्या बुडाशी बाटलीने थोडे पाणी फवारून आवाज बदलतो का तेही ऐकावे. बरेच जण यासाठी कार्ब्युरेटर क्लीनर वापरतात आणि त्याने फरक अधिक ठळक कळतो, पण तापलेल्या सायलेन्सरशेजारी पेट घेणारा फवारा मारण्याचा सल्ला मी घरी काम करणाऱ्याला देणार नाही. पंख्यापासून हात आणि बाही दूर ठेवा.

कापूसगंजी (मानवत) | ९ जानेवारी, दुपारी १.०५

गाडी आखाड्यावर उभी राहत असेल तर सगळ्यात आधी उंदीर आठवा. आमच्याकडे कापूस घरात आला की उंदीर येतात आणि रात्री इंजिनाच्या उबेला बसतात. मागच्या हंगामात त्यांनी ब्रेक बूस्टरकडे (ब्रेक हलका करणाऱ्या डब्याकडे) जाणाऱ्या नळीचे टोक कुरतडले होते. रेस वाढली होतीच, पण ब्रेकही दगडासारखा कडक झाला होता, म्हणून लवकर लक्षात आले. बॉनेट उघडून कापसाचे पुंजके किंवा लेंड्या दिसतात का ते पाहावे.

गोदावरी_एलपीजी (नांदेड) | ९ जानेवारी, सायंकाळी ७.३०

गाडीला कधी एलपीजीचे किट बसवले होते का? जुने किट काढताना व्हॅक्यूमच्या नळीत घातलेला टी-जोड तसाच राहतो आणि त्याच्या मोकळ्या तोंडाला बसवलेले रबरी टोपण दोन उन्हाळ्यांत तडकते. माझ्या ओळखीत अशा तीन गाड्या निघाल्या.

गोदाकाठ (परभणी) | ११ जानेवारी, सायंकाळी ६.२०

सर्वांचे आभार. किट कधीच बसवलेले नव्हते. उंदरांच्या खुणा नाहीत. थ्रॉटलची चकती सोडल्यावर टेकते, केबलला ढिलाई आहे. बूस्टरची नळी दाबली, काही फरक पडला नाही. पाणी फवारूनही आवाज बदलला नाही. पीसीव्हीची, म्हणजे इंजिनातल्या वाफा मॅनिफोल्डमध्ये परत नेणारी, नळी मात्र खाली, अडचणीत आहे. तिथे पक्कड नीट पोहोचली नाही, म्हणून ती राहिली.

दरम्यान मिस्त्रींचे म्हणणे पडले की पाण्याचा, म्हणजे कूलंट तापमानाचा सेन्सर खराब असून तो इंजिन थंड असल्याचे खोटेच सांगत असेल. ते पटण्यासारखे होते, म्हणून नवा सेन्सर आणून बसवला. रेस जशीच्या तशी आहे. आता ते ईसीएम बदलावे लागेल असे म्हणू लागले आहेत आणि माझी झोप उडाली आहे.

सुटेभाग (लातूर) | ११ जानेवारी, रात्री ८.४५

ईसीएमला कृपया इतक्यात हात लावू नका. मी सुट्या भागांच्या दुकानात बसतो, आणि गाडी दुरुस्त न करताच परत फिरलेली ईसीएम आम्ही पुष्कळ पाहतो. विजेच्या वस्तू परत घेतल्या जात नाहीत ही पाटी त्याच अनुभवातून लावलेली आहे.

सेन्सर विकत घेण्यापूर्वी तो मोजता येतो. थंड असताना त्याचा रोध जास्त आणि गरम असताना कमी असतो. अशा सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण सव्वादोन ते अडीच हजार ओहम आणि ८० अंशांना तीनशे ओहमच्या आसपास भरतो. गार आणि गरम पाण्याच्या दोन ग्लासांत बुडवून साध्या मल्टिमीटरने हे कळते. तुमचा जुना सेन्सर जवळ असेल तर असा मोजून पाहा. तो चांगला निघण्याची शक्यता मला दिसते.

आणखी एक विचारतो, रेडिएटरमध्ये काय भरले आहे? २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याचीच मारामार असताना रेडिएटरसाठी वेगळे पाणी कोण आणणार? ज्याला जे मिळेल ते, बहुतेकदा बोअरचे, लोकांनी गाड्यांत ओतले, आणि त्या गाड्यांचे सेन्सर आम्ही पुढची तीन-चार वर्षे चुन्याचे टोपडे घातल्यासारखे पांढरे झालेले बाहेर काढत होतो. सेन्सरच्या टोकावर असा थर बसला की त्याला इंजिनाची ऊब उशिरा कळते.

गोदाकाठ (परभणी) | १४ जानेवारी, रात्री ९.००

जुना सेन्सर दोन ग्लासांत मोजला. तुम्ही सांगितलेल्याच आकड्यांच्या जवळ निघाला, म्हणजे तो निरपराध होता. त्याच्या टोकावर पांढरा थर मात्र होता, नखाने खरवडल्यावर शाबूदाण्याच्या पापडासारखा तुकडा निघाला. रेडिएटरमध्ये आमच्या बोअरचे पाणी आहे, हे कबूल करतो.

मोबाइलला जोडायचे स्वस्त ब्लूटूथ उपकरण मित्राकडून आणले होते, ते या गाडीशी बोललेच नाही. शेवटी ज्यांच्याकडे जुन्या मारुतीचा स्कॅनर आहे अशा एका गॅरेजमध्ये गेलो. पंचवीस किलोमीटर चालवून, इंजिन बंद न करता, एसी बंद ठेवून घेतलेले आकडे असे आहेत : पाण्याचे तापमान ५८ अंश, ईसीएमला हवी असलेली आयडलिंग मिनिटाला १०५० फेरे, प्रत्यक्षातली १४५०, आयएसी व्हॉल्व्ह ३ टक्के, थ्रॉटल बंद असल्याची नोंद बरोबर. नोंदवलेला दोष एकही नाही. यातून मला काही उलगडले नाही.

शिल्पनिदेशक_निवृत्त (छत्रपती संभाजीनगर) | १५ जानेवारी, सकाळी ६.३०

या आकड्यांत तुमचे सगळे उत्तर आले आहे, आणि मी मागे सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी दोन तुमच्या गाडीत एकाच वेळी नांदत आहेत, म्हणूनच एकेक वस्तू बदलून फरक पडत नव्हता.

पहिले असे की ईसीएम १०५० मागते आहे, तर तापलेल्या इंजिनाला तिने साडेआठशेच्या जवळपास मागायला हवे होते. ती जास्त मागते, कारण पाणी ५८ अंशांवर आहे आणि तिच्या लेखी इंजिन अजून तापलेलेच नाही. आता जुना सेन्सर मोजून बरोबर निघाला, नवा सेन्सरही तेच सांगतो. तर दोन साक्षीदारांना खोटे ठरवण्याऐवजी त्यांचे म्हणणे खरे मानून पाहा. पंचवीस किलोमीटर धावूनही तुमचे इंजिन खरोखरच थंड आहे. असे इंजिन थंड राहण्याचे एकच नेहमीचे कारण असते, ते म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) उघडाच अडकलेला असणे किंवा जागेवर नसणे. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकून देण्याची पद्धत आपल्या भागात इतकी रुळलेली आहे की मी शिकवायला होतो तेव्हा मुले पहिल्या वर्षी येतानाच ती शिकून येत असत. सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरचा वरचा जाड पाइप हाताने चाचपा. थर्मोस्टॅट असेल तर तो पाइप काही मिनिटे गारच राहतो आणि मग थोड्या वेळात एकदम चटका देऊ लागतो. नसेल तर पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत जातो.

दुसरे असे की मागणी १०५० ची असताना प्रत्यक्षात १४५० आहे आणि व्हॉल्व्ह ३ टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ मिटलेला आहे. ईसीएमने आपल्या बाजूने दार लावून घेतले आहे आणि तरी वरचे चारशे फेरे कुठून तरी येत आहेत. ती निव्वळ गळती आहे. तुम्ही जी एक नळी अडचणीत आहे म्हणून सोडून दिली, तिच्याकडे आता परत जा.

थर्मोस्टॅट नसल्याचे आढळले तर लगेच नवा बसवून मोकळे होऊ नका. तो ज्या कारणाने काढला असेल ते कारण तिथेच असणार. रेडिएटर आधी पाहा, पंखा वेळेवर सुरू होतो का ते पाहा.

बालाघाट (बीड) | १५ जानेवारी, सकाळी ९.२०

स्क्रूबद्दलचे माझे मत मी मागे घेतो. विषय निघालाच आहे तर विचारतो : माझ्या मेव्हण्यांच्या एमपीएफआय ८०० ची रेस स्थिर चढी राहत नाही, तर सारखी चढते-उतरते, झोपाळ्यासारखी. हाही त्यातलाच प्रकार का?

शिल्पनिदेशक_निवृत्त (छत्रपती संभाजीनगर) | १५ जानेवारी, सकाळी ११.००

होय, बहुतेक वेळा हा गळतीचाच पुढचा टप्पा असतो. थ्रॉटल बंद असताना फेरे एका मर्यादेपलीकडे गेले, तर गाडी उतारावरून येत आहे असे समजून ईसीएम पेट्रोल तोडते. फेरे पडतात, मग ती पेट्रोल पुन्हा सुरू करते, गळतीमुळे ते पुन्हा चढतात, आणि हा झोपाळा चालू राहतो. शोधण्याची रीत तीच.

गोदाकाठ (परभणी) | २२ जानेवारी, रात्री ८.१०

आठवडाभर गाडी उघडी होती म्हणून उशीर झाला. एका पहाटे पारा दहाच्या खाली असताना कानटोपी घालून रेडिएटरचा पाइप धरून उभा राहिलो. तो पहिल्या मिनिटापासूनच कोमट होऊ लागला. झाकण उघडले तेव्हा थर्मोस्टॅटच्या जागी फक्त पॅकिंग होते. मिस्त्रींना विचारले, तर त्यांना लगेच आठवले : तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात, बाहेर त्रेचाळीस अंश असताना, गाडी जिंतूर रस्त्यावर उकळली होती आणि त्यांनीच तो काढून टाकला होता. त्यांनी मला तेव्हा सांगितलेही होते म्हणे. त्यानंतर तापमानाचा काटा कायम खाली राहू लागला आणि मी इतके दिवस ते दुरुस्ती उत्तम झाल्याचे लक्षण समजत होतो.

पीसीव्हीच्या नळीसाठी एअर फिल्टरचा डबा काढावा लागला. वरून ती धडधाकट दिसत होती. खालच्या बाजूला, जिथे ती मॅनिफोल्डकडे वळते त्या कोपऱ्यात, तेल पिऊन रबर फुगले होते आणि बोटाच्या पेराएवढी लांब चीर गेली होती. नळी सरळ केली की चीर मिटायची आणि वळवली की माशाच्या तोंडासारखी उघडायची. इंजिन चालू असताना त्या चिरेवर अंगठा ठेवला तेव्हा तो आत ओढला गेला आणि आवाज निम्म्यावर आला. इतक्या दिवसांचे कोडे अंगठ्याखाली सापडल्याचा आनंद काय असतो हे इथल्या मंडळींना सांगायला नको.

नळी नवी टाकली. रेडिएटरवाल्याने टाकी उघडून दाखवली, तेव्हा आतल्या नळ्यांपैकी पुष्कळशा पांढऱ्या थराने बुजलेल्या होत्या; मेमध्ये गाडी का उकळली होती ते तिथे दिसले. त्याने त्या सळईने मोकळ्या करून दिल्या. पंखा तपासला, ठीक आहे. नवा ८२ अंशांचा थर्मोस्टॅट बसवण्यापूर्वी घरी चहाच्या पातेल्यात दोऱ्याने टांगून तापवला. पाण्याला उकळी यायच्या बरेच आधी तो उघडू लागला आणि गार पाण्यात टाकल्यावर मिटला. ते पातेले आता माझ्या नावावर झाले आहे, स्वयंपाकघरात परत घेतले गेले नाही. बोअरच्या पाण्याऐवजी तयार कूलंट भरले आणि इंजिन चालवून आतली हवा काढून घेतली. थ्रॉटलचा स्क्रू पूर्वीच्या रंगाच्या खुणेवर आणून त्याच गॅरेजमध्ये पुन्हा आकडे घेतले : पाणी ८७ अंश, मागणी ८५०, प्रत्यक्षात ८४० ते ८७०, व्हॉल्व्ह २४ टक्के. एसी लावला, क्षणभर दबकून आवाज स्थिर झाला. पहिल्या गिअरमध्ये पाय सोडून मोबाइलच्या जीपीएसवर वेग पाहिला, सहाच्या आसपास आहे. लिटरमागे किती धावते ते टाकी दोनदा भरल्यावर लिहीन.

सुटेभाग यांना एक विचारायचे होते : तो पहिला, चांगला निघालेला सेन्सर साफ करून ठेवला आहे आणि बसवलेला नवाही चांगलाच आहे. दोन्हींपैकी कोणता परत घेता का?

सुटेभाग (लातूर) | २२ जानेवारी, रात्री ८.३५

पाटी दुकानात अजून लावलेली आहे.